धामणीचे धनुष्य : दोन्ही भुजा सारख्या वाकत नाहीत, टिलरिंग (लाकूड काढत कमान जुळवणे) कसे करावे?

मूलचा_शेतकरी

नमस्कार मंडळी.

पांदण रस्त्याच्या कामात आमच्या बांधावरची एक धामण काढावी लागली. तिचा बुंधा सरळ आणि कमी गाठींचा होता. तो चुलीत घालणे जिवावर आले, म्हणून मी त्याच्या उभ्या फाकी काढल्या, कापलेल्या तोंडांना ऑइल पेंट फासला आणि फाकी माळ्यावर सावलीत ठेवून दिल्या. दोन उन्हाळे उलटल्यावर त्यांतल्या एकीचे धनुष्य घडवायला घेतले आहे. हेतू निव्वळ छंदाचा आहे. खळ्यात तणसाच्या ढिगासमोर चिंध्यांनी गच्च भरलेले पोते टांगले आहे, त्यावर तीर मारायचे, एवढेच.

धनुष्याची लांबी 66 इंच आहे. मधोमध 4 इंचांची मूठ असून तिच्या दोन्ही अंगांना 2-2 इंचांचा उतार दिला आहे. भुजेची (मुठीपासून टोकापर्यंतच्या वाकणाऱ्या भागाची) रुंदी उतारापासून निम्म्या लांबीपर्यंत दीड इंच ठेवली आहे आणि तिथून ती कमी होत टोकाशी अर्धा इंच होते. साल काढल्यावर जी पाठ (दोरीच्या विरुद्ध, बाहेरची बाजू) निघाली, तिला हत्यार लावलेले नाही. सगळे तासकाम पोटाकडून (दोरीकडच्या बाजूने) केले आहे. मला 26 इंच ओढीला (दोरी मुठीपासून तेवढ्या अंतरावर खेचल्यावर) साधारण 35 पौंड, म्हणजे 16 किलोच्या आसपास जोर हवा आहे.

अडचण अशी आहे की, दर 6 इंचांवर खुणा करून मी व्हर्नियरने जाडी मोजत गेलो आणि दोन्ही भुजांची जाडी समोरासमोरच्या खुणांवर तंतोतंत सारखी केली : उताराजवळ 16 मिलिमीटर, मध्यावर 14 आणि टोकाकडे 13. तरीही दोरी चढवली की वरची भुजा उघडच जास्त वाकते. उतारापासून 6 इंचांवर दोरी आणि लाकूड यांमधले अंतर वरच्या भुजेला 12 सेंटिमीटर आणि खालच्या भुजेला साडेदहा सेंटिमीटर भरते. भिंतीवरच्या फळीला मूठ अडकवून कप्पीने दोरी खाली ओढली, तर दोरीत अडकवलेला आकडा (हूक) सरळ न उतरता खालच्या भुजेच्या बाजूला सरकतो. शिवाय वरच्या भुजेत मध्याच्या थोडे पुढे एकाच जागी मोड पडल्यासारखे दिसते, आणि दोन्ही टोकांकडचा तिसरा हिस्सा मात्र जवळजवळ काठीसारखा सरळच राहतो.

मोजमाप सारखे असताना असे का व्हावे, आणि आता नेमके कुठले लाकूड काढावे, हे जाणकारांनी सांगावे. घाईने कानस चालवून फाक वाया घालवण्याची इच्छा नाही, कारण तशी दुसरी धामण आता बांधावर उरलेली नाही.

---

वर्धाकाठचा_सुतार

नमस्कार भाऊ. मापे व्यवस्थित दिलीत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. सर्वांत आधी एक विनंती करतो : हे उत्तर वाचून होईपर्यंत धनुष्य आणखी ओढू नका. दोष दिसला त्या ओढीच्या पुढे एक बोटही जायचे नाही, हा या कामातला पहिला नियम आहे. मोड पडलेल्या जागी पोटाकडचे तंतू दाबले जात असतात, आणि ओढ वाढवली की सगळा वाढीव ताण त्याच जागी जातो. एकदा लाकडाने तिथे बाक धरला, की दोरी उतरवल्यावरही तो जात नाही.

आता जाडीविषयी. लाकडाचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या बाबतीत तो तिच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर तो एक अष्टमांश उरतो. आपल्या मध्यावरच्या 14 मिलिमीटरांतून एकच मिलिमीटर काढला, तरी त्या जागेचा ताठपणा सुमारे 20 टक्के उतरतो, आणि अर्धा मिलिमीटर काढला तर 10 टक्के. साध्या व्हर्नियरने, तेही कानशीच्या खरबरीत पृष्ठभागावर, एवढा बारीक फरक भरवशाने धरता येत नाही. त्यात लाकूड म्हणजे कारखान्यातून निघालेली पट्टी नव्हे. बुंध्याकडचे टोक आणि शेंड्याकडचे टोक यांची घनता वेगळी असते, एका भुजेत रेषा सरळ धावतात तर दुसरीत किंचित तिरप्या जातात, एखादी बारीक गाठ आत दडलेली असते. म्हणून दोन्ही भुजा समान जाडीच्या करणे ही फक्त सुरुवातीची पायरी समजावी. वाक दिसू लागला की व्हर्नियर पेटीत ठेवून द्यावा आणि पुढचे सगळे निर्णय धनुष्याची कमान पाहून घ्यावेत.

टोके सरळ का राहतात, त्याचेही कारण आपल्याच मापांत आहे. धनुष्य ओढल्यावर वाकवणारा जोर मुठीजवळ सर्वांत जास्त असतो आणि टोकाकडे जाता जाता कमी होत जातो. त्यामुळे भुजा सगळीकडे आपापला वाटा उचलत वाकावी असे वाटत असेल, तर तिचा ताठपणाही टोकाकडे त्याच हिशेबाने उतरला पाहिजे. ताठपणा असा दोन प्रकारे उतरवता येतो. जाडी कायम ठेवून रुंदी उतारापासूनच सरळ रेषेत कमी करत न्यायची, म्हणजे भुजा गोल कमानीत वाकते. किंवा रुंदी बरीच लांब कायम ठेवून जाडी कमी करत न्यायची, म्हणजे कमान मुठीजवळ सपाट आणि टोकाकडे जास्त गोलाईची होते. आपण दुसरा प्रकार निवडला आहे, पण जाडी 16 वरून 13 पर्यंतच उतरवली आहे. बाहेरचा तिसरा हिस्सा वाकत नसल्याने त्याचे काम मधल्या भागावर पडले, आणि मधल्या भागातली जी जागा मुळातच थोडी दुबळी होती, तिथे मोड दिसू लागला.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा असे मी सुचवेन. मोड पडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे सोडून पेन्सिलीने आडव्या रेघा मारा आणि त्या रेघांच्या आत पोटाला हत्यार लावायचे नाही, असे पक्के ठरवा. त्या जागेतून कीस काढून ती सुधारत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड कमी करत करत तिच्या पातळीला आणावे लागते. आपल्या धनुष्यात हे काम मुख्यतः बाहेरच्या बाजूला आहे, म्हणजे मोडापासून टोकाकडे. ते करत असताना खालच्या भुजेचाही बाहेरचा तिसरा हिस्सा बारीक करा. दोन्ही भुजांची टोके कामाला लागली की मोड बराच निवळतो, हे आपल्याला दिसेलच. त्यानंतर खालची भुजा उतारापासून टोकापर्यंत एकसारखी खरवडत वरच्या भुजेच्या जवळ आणायची. दुबळी जागा शेवटी संपूर्ण धनुष्याचा जोर ठरवते, त्यामुळे 35 ऐवजी 30 पौंडांवर समाधान मानावे लागले तर वाईट वाटून घेऊ नका.

डोळ्याला सवय नसेल तर एक साधे साधन करून घ्या. पाच इंच लांब, इंचभर रुंद असा सागाचा सपाट ठोकळा घ्या, त्याच्या मधोमध पेन्सिल घट्ट बसेल असे भोक पाडा आणि पेन्सिलीचे टोक खालच्या बाजूने किंचित बाहेर काढा. धनुष्याला दोरी चढवून हा ठोकळा पोटावर, दोरी आणि लाकूड यांच्या मधून, लांबीच्या दिशेने फिरवायचा. पोट आत वाकलेले असल्यामुळे ठोकळ्याची दोन टोके लाकडाला टेकतात आणि मध्ये फट राहते. जिथे वाक जास्त तिथे फट मोठी. सर्वांत जास्त वाकलेल्या जागी पेन्सिल लाकडाला शिवता शिवता राहील इतकीच बाहेर ठेवा आणि मग ठोकळा पूर्ण भुजेवरून ओढा. मोडावर रेघ उमटणार नाही, आणि जी जागा ताठ आहे तिथे काळी रेघ उमटत जाईल. रेघ आहे तिथलेच लाकूड काढायचे, रेघ पुसली जाईपर्यंत खरवडायचे आणि पुन्हा ठोकळा फिरवायचा. मुठीचा उतार आणि टोकाकडचे शेवटचे पाच-सहा इंच यांवर मात्र या रेघेचे ऐकू नये, कारण त्या जागा ताठच राहायला हव्यात. टोके ताठ ठेवायची तर ती अरुंदही करावीत. टोकाला वजन कमी असले की दोरी सुटताना भुजा लवकर परततात आणि मुठीला हिसका कमी बसतो.

हत्याराबद्दल सांगायचे तर रंधा आता बाजूला ठेवा. जाड कानस फक्त टोकांकडच्या पहिल्या तासणीला चालेल. पुढचे सगळे काम काचेच्या कपचीने किंवा हॅक्सॉ ब्लेडच्या पाठीच्या कडेने करावे. ताज्या फोडलेल्या काचेची कड लाकडावर थोडी तिरपी धरून आपल्याकडे ओढली की कांद्याच्या सालीएवढा पातळ कीस निघतो, आणि हात कितीही अधीर झाला तरी एका ओढीत नुकसान होण्याइतके लाकूड जात नाही. हातात जाड कापड घ्या. दहा-बारा ओढी खरवडल्या की दोरी चढवून, आधी जिथवर ओढले होते त्याच्या अलीकडेच, वीस-तीस वेळा सावकाश ओढा आणि सोडा. (सोडा म्हणजे हाताने परत न्या, तीर न लावता दोरी मोकळी सोडली तर भुजा फाटण्याची भीती असते.) काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच पूर्ण दिसत नाही, तो या ओढण्याने दिसू लागतो. ही पायरी टाळणारा माणूस कमान जशी आहे तशी न पाहता आणखी खरवडतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या हाती मुलांचे खेळणे उरते.

ओढताना कप्पीच्या दोरीत लटकवण्याचा ताणकाटा अडकवून ठेवा. काट्याने 16 किलो दाखवले की ओढ वीस इंच असो की बावीस, तिथेच थांबायचे. मग पुन्हा खरवडायचे, आणि त्याच 16 किलोला ओढ इंचाइंचाने 26 पर्यंत न्यायची.

---

नेमबाज_अंबानगरी

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. दोन गोष्टी मात्र नेमबाजाच्या बाजूने जोडतो, कारण कमान फळीवर सुरेख दिसली तरी धनुष्य हातात घेतल्यावर वेगळे वागू शकते.

दोन्ही भुजा अगदी सारख्या करण्याचा हट्ट धरू नका. आपली मूठ मधोमध आहे, तीर मुठीच्या वरून जातो आणि तळहाताचा दाब मध्याच्या खाली पडतो. अशा धनुष्यात खालच्या भुजेवर ताण जास्त येतो, म्हणून ती किंचित ताठ ठेवण्याची रीत आहे. तीराच्या वर एक आणि खाली दोन बोटे धरून ओढत असाल, तर उताराजवळ मोजलेले अंतर वरच्या भुजेला 3 ते 6 मिलिमीटर जास्त असावे. तिन्ही बोटे तीराच्या खाली ठेवून ओढण्याची सवय असेल, तर हा फरक जवळजवळ शून्यावर आणावा. म्हणजे वरची भुजा अधिक मऊ असणे योग्यच आहे, केवळ 15 मिलिमीटरांचा फरक फार आहे. खालची भुजा खरवडताना तो पूर्ण मिटवू नका, 5 मिलिमीटरांच्या आसपास आला की थांबा.

दुसरी गोष्ट फळीवर ओढण्याच्या पद्धतीची. मूठ पाचराने किंवा शिकंजाने आवळून ठेवली तर धनुष्य कलू शकत नाही आणि दोष लपतो. आपला आकडा सरकताना दिसला, त्या अर्थी आपली मूठ सैल असावी, हे चांगलेच आहे. मुठीखाली, जिथे तळहाताचा दाब येतो नेमक्या त्या जागी, अंगठ्याएवढ्या रुंदीचा आधार द्यावा आणि दोरीही मधोमध न ओढता तीराची खाच जिथे बसते त्या जागी ओढावी. अशा अवस्थेत आकडा ताठ भुजेकडे सरकतो. तो भिंतीवर मारलेल्या उभ्या रेषेवरून सरळ खाली उतरू लागला, की दोन्ही भुजा एका लयीत काम करत आहेत असे समजावे. चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर कोळशाने आडव्या-उभ्या रेषा मारून घ्या आणि पाच-सहा हात अंतरावर मोबाइल स्टूलवर स्थिर ठेवून फोटो काढा. जवळून पाहताना न दिसणारा सरळपणा फोटोत लगेच दिसतो. फोटो उलटा करून पुन्हा पाहावा. वरची भुजा खाली गेली की डोळा नव्याने पाहतो.

भुजा एका लयीत परतत नसतील तर तीराचे शेपूट वर किंवा खाली उडते, तीर मासोळीसारखा लचकत जातो आणि मुठीत धक्का जाणवतो. फक्त याच लक्षणांवरून लगेच लाकूड काढायला जाऊ नये, कारण दोरीवर तीर लावण्याची जागा चुकली तरी तीर असाच उडतो. ती जागा तीर टेकतो त्या बिंदूपासून काटकोनात, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर वर असते. आधी ती वरखाली करून पाहावी, ते फुकट आहे.

---

बुरूडपाड्याचा

मी गडचिरोलीकडचा, बांबूत हात घातलेला माणूस आहे, त्यामुळे धामणीबद्दल अधिकाराने बोलणार नाही. कावडीच्या दांड्यांना आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यांना (मुठीच्या दांड्यांना) आमच्याकडे धामणच धरतात, त्यामुळे लाकडाची निवड चुकलेली नाही, एवढे नक्की. मात्र वरच्या दोन्ही उत्तरांत हवेचा विषय आलाच नाही, आणि आपल्या भागात तो टाळून चालत नाही.

लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे पाणी घेते आणि सोडते. श्रावण-भाद्रपदात हवेतील आर्द्रता कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वर राहिली, की लाकडातले पाणी 16 टक्क्यांच्या आसपास जाते. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि आर्द्रता 20 टक्क्यांवर येते, तेव्हा तेच लाकूड 5 टक्क्यांपर्यंत कोरडे पडू शकते. धनुष्याला 8 ते 10 टक्के पाणी मानवते. त्याहून ओले असेल तर भुजा मऊ वागतात आणि लवकर बाक धरतात. फार कोरडे असेल तर ताठ आणि चपळ वागतात, पण पाठ फाटते. आपण भर पावसाळ्यात कमान जुळवून 35 पौंड आणले, तर तेच धनुष्य उन्हाळ्यात जास्त जोराचे आणि जास्त ठिसूळ निघेल.

पाणी मोजायचे यंत्र लागत नाही. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर फाक रोज एकाच वेळी तोलायची आणि आकडा वहीत लिहायचा. वजन उतरायचे थांबले की लाकूड त्या खोलीच्या हवेला जुळले. पावसाळ्यात ते लवकर जुळवायचे असेल, तर चुलीवरच्या माळ्यासारखी जागा नाही, नाहीतर पत्र्याच्या कपाटात पिवळा बल्ब लावून दाराला बोटभर फट ठेवावी. माझ्या मते टिलरिंगचे शेवटचे काम दिवाळीनंतर, कोरडी थंडी पडल्यावर करावे. तोपर्यंत टोकांचे खरवडकाम उरकून घ्यायला हरकत नाही.

पुढे कधी बांबूचे धनुष्य करायचे मनात आले, तर हेच तत्त्व उलट्या सोयीने लागू पडते. बांबूचे मजबूत तंतू सालीजवळ दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात, म्हणून सालीची बाजू पाठ म्हणून अखंड ठेवायची आणि सगळे टिलरिंग आतून करायचे. पेरांची गाठ आतून एकदम सपाट केली की नेमकी तिथेच मोडते. ती आजूबाजूपेक्षा थोडी जाडच राहू द्यावी. भरीव मानवेल बांबू तीन वर्षांहून जून असावा. आपल्या जवळच चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू भिजवून भुंग्यापासून कसा वाचवायचा, ते तिथे शिकून घेता येईल.

जाता जाता एक सांगतो, विषयाबाहेरचे वाटले तरी चालेल. मूल तालुक्यातला बराच भाग ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्राला लागून आहे. पोत्यावर तीर मारणे वेगळे आणि खांद्यावर तीरकामठा टाकून जंगलाच्या वाटेने जाणे वेगळे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वनरक्षकाने आपल्याला अडवून विचारपूस केली, तर त्यात त्याचे काही चुकणार नाही. धनुष्य खळ्यातच बरे.

---

वर्धाकाठचा_सुतार

हवेचा मुद्दा रास्त आहे, तो माझ्याकडून राहिला. मात्र दिवाळीपर्यंत थांबण्याची गरज मला वाटत नाही. भाऊंची फाक दोन उन्हाळे माळ्यावर वाळलेली आहे, आणि वजन स्थिर आहे की नाही, ते आपण सांगितलेल्या रीतीने तपासता येईल. वजन उतरत नसेल तर काम चालू ठेवावे, फक्त शेवटचे दोन-तीन पौंड हातचे राखून ठेवावेत आणि ते थंडीत उतरवावेत. दोरी चढवलेली ठेवून रात्रभर खुंटीला टांगू नये, एवढे मात्र पावसाळ्यात कटाक्षाने पाळा.

नेमबाजांचे 3 ते 6 मिलिमीटरांचे माप मीही धरतो.

---

मूलचा_शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. वजन तोलून पाहिले, ते स्थिर होते, म्हणून काम पुढे नेले. ठोकळ्याची युक्ती फारच उपयोगी पडली. पहिल्या फेरीत दोन्ही भुजांच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात सलग काळी रेघ उमटली आणि मोडाच्या जागी एक वीतभर लाकूड कोरे राहिले. टोकांकडची जाडी आता 11 मिलिमीटरांच्या जवळ आली आहे. खालची भुजा खरवडल्यावर उताराजवळचा फरक 5 मिलिमीटर उरला आहे, आकडा सरळ उतरतो आणि ताणकाटा 24 इंचांना 15 किलो दाखवतो.

दोन नव्या शंका आहेत. मोड होता त्या जागी पोटावर केसासारख्या बारीक, आडव्या चार-पाच रेषा दिसू लागल्या आहेत. बोट फिरवले तर जाणवत नाहीत, पण उजेडात तिरपे धरले की स्पष्ट दिसतात. या भेगा आहेत का, आणि त्यांत फेविकॉल भरावा का? शिवाय खालच्या भुजेच्या टोकाशी दोरी मधोमध न राहता डावीकडे कलते. भुजा पिळते आहे असे वाटते.

---

वर्धाकाठचा_सुतार

त्या रेषा भेगा नव्हेत, दाबाने चिरडलेल्या तंतूंच्या सुरकुत्या आहेत. भेग ताणाने पडते आणि ती पाठीकडे धोकादायक असते. पाठीवर आडवी रेषा किंवा उचललेला तंतू दिसला असता, तर धनुष्य ओढणे ताबडतोब थांबवा असे सांगितले असते. पोटावरच्या सुरकुत्या लगेच मोडत नाहीत, पण ओढ वाढवत गेलात तर त्या खोल आणि दाट होत जातात. फेविकॉल भरून उपयोग नाही, कारण तिथे भरण्यासारखी पोकळीच नाही, आणि त्या खरवडून काढू गेलात तर दुबळी जागा आणखी पातळ होईल. पेन्सिलीने त्यांच्या दोन्ही टोकांना खूण करून ठेवा, म्हणजे रेषा वाढतात की नाही ते कळेल. त्या जागेच्या दोन्ही अंगांना, वीतभर लांबीत, काचेने अगदी हलका कीस काढा आणि तेवढेच खालच्या भुजेच्या समोरच्या भागातून काढा, म्हणजे ताण पसरेल. ओढ 26 ऐवजी 25 इंचांवर थांबवा. जोर 30 ते 32 पौंड राहील, आणि खळ्यातल्या पोत्याला तो पुरेसा आहे.

पिळाविषयी : भुजा ज्या कडेकडे पिळते ती कड दुबळी असते, म्हणून विरुद्ध कडेच्या पोटाचे लाकूड काढायचे. दोरी चढवून टोकाकडून मुठीकडे एका डोळ्याने पाहा, भुजा कुठल्या कडेला कलते ते ठरवा आणि मगच काच लावा. फरक थोडाच असेल तर आधी भुजेच्या टोकावरची, दोरी अडकवायची खाच तपासा. एका बाजूची खाच दुसरीपेक्षा खोल किंवा खालच्या पातळीवर गेली असेल तरी दोरी कलते, आणि तो दोष गोल कानशीने चार घासांत सुटतो. दोरी नायलॉनची असेल तर बदलून घ्या. ती ताणली जात राहते आणि मग आज मोजलेले अंतर उद्या जुळत नाही. पॉलिस्टरच्या धाग्याची पिळलेली दोरी बरी.

हे सगळे झाल्यावर शंभर-सव्वाशे तीर मारून घ्या आणि उताराजवळचे अंतर पुन्हा मोजा. पहिल्या शे-दीडशे तीरांत दोन्ही भुजा थोड्या बसतात आणि कधी कधी एक दुसरीपेक्षा जास्त बसते, म्हणून पॉलिश त्याआधी करायचे नाही. फरक 3 ते 6 मिलिमीटरांत टिकून राहिला, तर बारीक पॉलिश पेपर मारा, कडा गोल करा आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. कच्चे जवसतेल या दिवसांत आठवडाभरही चिकट राहते. आणि तेलाचे फडके गोळा करून माळ्यावर टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. अंगणात मोकळे पसरून वाळवा.

---

मूलचा_शेतकरी

खाच तपासली. डावीकडची खरोखरच खोल गेली होती. कानस मारल्यावर दोरी मधोमध आली आहे, त्यामुळे पिळासाठी लाकूड काढावे लागले नाही. सुरकुत्यांना खुणा केल्या आहेत. ओढ 25 इंचांवर राहावी म्हणून तीरांवर त्या मापाला लाल दोरा गुंडाळून घेतो आहे. शंभर तीर झाले की अंतर मोजून इथेच कळवतो.